दोन दिवस उशिरा

आमच्या घरात अर्ध्या तासाचा कायदा आहे. कोणाच्या अंगावर काही उठलं, लाल झालं, खाजलं, की सगळ्यांनी हातातलं काम टाकून मागचा अर्धा तास आठवायचा. काय खाल्लं, कशाला हात लावला, कोणी पापा घेतला, पापा घेणाऱ्याने आधी काय खाल्लं होतं. हा कायदा माझ्या मुलीमुळे आला. ती जेमतेम वर्षाची असताना केकचा नखाएवढा तुकडा तिच्या तोंडात गेला आणि बघता बघता गालावर, मानेवर, पोटावर गांधी उठल्या. वरचा ओठ सुजून उलटा वळला. दवाखान्यात पोचेपर्यंत मी काय काय बडबडले ते मला आठवत नाही. नवरा म्हणतो, मी ड्रायव्हरला सारखी 'तुम्ही अंडं खाल्लंय का' असं विचारत होते.

ती आता सहा वर्षांची आहे. एका जागी उभी राहत नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणतात. औषधाची पिशवी तिच्या पाठीवर असते आणि कोणाच्याही वाढदिवसाला ती आधी यजमानीणबाईंना गाठते. "यात अंडं आहे का?" बाई म्हणतात, नाही गं. मग भिंगरीचा दुसरा प्रश्न येतो, "नक्की माहीत आहे, की तुम्हाला वाटतंय?" हा दुसरा प्रश्न तिला कोणी शिकवलेला नाही. तो ऐकला की मला भीती वाटते आणि त्याच वेळी मान ताठ होते.

तर, कायदा असा. आणि तो इतका अंगवळणी पडलेला की बाबांच्या हातांना झालं तेव्हाही आम्ही तोच लावला.

बाबा म्हणजे माझे सासरे. आम्ही वर राहतो, खाली त्यांचं दुकान. व्हायोलिन, व्हायोला, चेलो, कधीमधी एखादा दांडगा बास. जे जे गजाने वाजतं आणि मोडतं ते त्यांच्याकडे येतं. दुकानात शिरलं की आधी लाकडाचा भुसा नाकात जातो, मग रोगणाचा वास, आणि सोमवार असेल तर सरसाचा. सरस म्हणजे जनावरांच्या कातड्याचा डिंक. पिवळ्या दाण्यांसारखा मिळतो. तो पाण्यात भिजवायचा, मग गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात मंद तापवायचा. बाबा आठवड्याचं सगळं चिकटवायचं काम सोमवारी करतात, कारण भांडं एकदा तापलं की सगळं उरकून टाकायचं.

सोमवारीच त्यांचे हात उठायचे. दुपारपर्यंत बोटांची टोकं लाल, संध्याकाळी बारीक पाणीदार पुटकुळ्या, मग खाज, मग भेगा. पहिल्यांदा त्यांनी लपवलं. दुसऱ्या सोमवारी जेवताना त्यांनी घास चमच्याने घेतला आणि मी पकडलं.

"बाबा, हात दाखवा."

"काही नाही गं. लाकडाची कुसं लागलीत."

"दहाही बोटांना?"

भिंगरी खुर्चीवर उभी राहिली. "आजोबा, अर्धा तास आठवा!"

बाबांनी इमानेइतबारे आठवला. "सरस लावला. हात धुतले. जेवायला आलो."

झालं. खटला तिथेच निकालात निघाला. नवरा म्हणाला, "सरस. आणखी काय असणार? कसली कसली कातडी उकळतात त्यात. बाबा, आता बाटलीतला पांढरा गोंद वापरा. सगळं जग वापरतं."

बाबांनी ताटावरून मान वर केली नाही. "जग खुर्च्या बनवतं," ते म्हणाले.

मला तेव्हा त्याचा अर्थ नीट कळला नव्हता. तो दुसऱ्या दिवशी दुकानात कळला. कामाच्या टेबलावर एक चेलो पोट उघडून पडला होता. वरची फळी वेगळी करून बाजूला ठेवलेली आणि आत, कडेच्या लाकडावर, जुन्या कारागिरांच्या पेन्सिलीच्या खुणा. एका मोठ्या वाद्यवृंदात वाजवणाऱ्या बाईंचा तो चेलो. आतली एक पट्टी सुटली होती, ती बसवून झाली होती. आता फक्त फळी परत चिकटवायची होती. पुढच्या महिन्याच्या अखेरीस बाईंचा कार्यक्रम होता.

"हे बघ," बाबा म्हणाले, आणि फळीच्या कडेवरून, न टेकवता, बोट फिरवलं. "हा आजवर तीनदा उघडलाय. एकदाही लाकूड फाटलं नाही. का? सरस आहे म्हणून. पाण्याची वाफ दिली, पातळ सुरी सरकवली, की सुटतो. पांढरा गोंद लावला तर हा कायमचा बंद. पुढचा माणूस उघडायला गेला तर फळीच फुटेल. वाद्य दुरुस्त करणाऱ्याने पुढच्या माणसाचा रस्ता बंद करायचा नसतो."

"मग काय करायचं?"

"सरस लावता येत नसेल तर चेलो असाच परत द्यायचा. आणि दुकान बंद करायचं." हे त्यांनी अगदी साध्या आवाजात सांगितलं. मला वाटलं, चिडले असते तर बरं झालं असतं.

वर आल्यावर नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "मग करू दे बंद. वय झालं. किती दिवस ते हात असे चिरलेले बघायचे? तुला तरी बघवतंय का?" त्याचंही खोटं नव्हतं. बाबांना बटण लावताना कळ यायची. मी रोज सकाळी त्यांच्या बोटांच्या भेगांवर कापडी चिकटपट्टीचे तुकडे गुंडाळून द्यायचे, पट्टीच्या कडा कात्रीने गोल करून, म्हणजे उचकटत नाहीत. बाबा म्हणायचे, "पट्टी लावावी तर तूच." मी खूश व्हायचे.

सरसाचं भांडं कपाटात गेलं. दुकानाला आठवड्याभरात वेगळाच वास यायला लागला, म्हणजे कसलाच नाही. बाबा शनिवारी तेवढे रंगात असायचे. शनिवारी तयार झालेली वाद्यं गिऱ्हाइकांना द्यायची असतात, आणि त्याआधी बाबा प्रत्येक वाद्य स्वतः वाजवून बघतात. घोड्याचे नवे केस घातलेले गज असतात, ते राळ, म्हणजे झाडाचा वाळलेला चीक, घासल्याशिवाय आवाजच काढत नाहीत. बाबा राळेची वडी घेऊन घासत बसतात. उन्हाच्या पट्ट्यात पांढरी पूड उडत असते. मग व्हायोलिन हनुवटीखाली. खालून सूर येतात, वर भिंगरी गिरक्या घेते.

पुढचा सोमवार आला. सरस नाही, भांडं नाही. आणि संध्याकाळी बाबा वर आले तेव्हा हात तर उठलेच होते, पण डोळ्यांच्या पापण्याही सुजून जड झाल्या होत्या, आणि हनुवटीखाली, डाव्या बाजूला, लाल खरबरीत चट्टा.

"अर्धा तास!" भिंगरी ओरडली.

"चहा प्यायलो आणि वर्तमानपत्र वाचलं," बाबा म्हणाले.

मग वर्तमानपत्राच्या शाईवर संशय आला. मग चहावर. मग अंगाच्या साबणावर, कपड्यांच्या साबणावर, दाढीच्या क्रीमवर. एकेक वस्तू घराबाहेर गेली. बाबा दाढी वाढवून, कोमट पाण्याने आंघोळ करून, शिळ्या बातम्या माझ्याकडून ऐकत बसायला लागले. "आता घरात तू आणि मी दोघेच संशयित उरलोय," ते म्हणाले. "मला वाटतं, तू आहेस."

नवरा हसला. भिंगरी हसली नाही. ती माझ्याजवळ येऊन कानात म्हणाली, "आई, माझं त्यांना लागलं का?"

मी तिला मांडीवर घेतलं आणि तिच्या हाताकडे बघत बसले. तो गुळगुळीत होता. तिच्या गांधी किती वेळा आल्या आणि गेल्या, मागे ठिपकाही राहिला नाही. वादळासारख्या यायच्या आणि औषध दिलं की संध्याकाळपर्यंत जणू काही झालंच नव्हतं. आणि बाबांचे हात? तिथे काहीच घाईने येत नव्हतं आणि काहीच घाईने जात नव्हतं. पुटकुळ्या, मग लस, मग खपल्या, मग जाड कातडी. मी कॉलेजात जीवशास्त्र घेतलं होतं. ऍलर्जीचे प्रकार पाठ करून परीक्षेत लिहिले होते. मुलगी झाल्यावर त्यातला एकच लक्षात ठेवला, जो तिचा होता.

"नाही गं," मी म्हटलं. "तुझं वेगळं आणि त्यांचं वेगळं. आपला कायदाच त्यांना लागू नाही."

"अगं पण अर्धा तास मागे नाही जायचं तर किती जायचं?" नवऱ्याने विचारलं.

"ते डॉक्टर सांगतील."

"फौजदारांचा तपास संपला म्हणायचा!" तो मला फौजदार म्हणतो.

"संपला नाही. हद्द वाढली."

त्वचेच्या डॉक्टर फोनवरच म्हणाल्या की काका कामात जे जे हाताळतात त्याचा थोडा थोडा नमुना घेऊन या. मी दुकानात गेले. बाबांनी लहान लहान डब्या काढल्या आणि एकेकीत भरत गेले: सरसाचे दाणे, रोगण, काळ्या लाकडाचा भुसा, ज्याने लाकूड पुसतात तो द्रव. मी टेबलभर नजर फिरवली. कोपऱ्यात राळेची वडी होती, मधासारखी पारदर्शक, मध्ये घासून घासून खळगा पडलेली.

"ती?"

"राळ? ती कशाला? सोमवारी मी तिला शिवतही नाही. ती शनिवारची."

मी वडीकडे बघत राहिले. शनिवार. पापण्या आणि हनुवटीखालचा डाग. सरस हाताने लावतात, डोळ्यांना कोण लावतं? पण ती पांढरी पूड उन्हात उडताना मी दर आठवड्याला जिन्यातून बघत होते.

"टाका त्यात," मी म्हटलं.

"अगं, चाळीस वर्षं हातात आहे ती माझ्या."

"बाबा, टाका ना."

त्यांनी चाकूने एक कपचा काढला आणि डबीत टाकला. टाकताना तोंड असं केलं, जणू मी त्यांच्या जुन्या मित्राच्या अंगाची झडती घ्यायला सांगितली होती.

डॉक्टरबाई माझ्याहून फार मोठ्या नव्हत्या. बोलताना खुर्ची मागेपुढे झुलवायच्या. त्यांनी बाबांचे हात भिंगाखाली बघितले, पापण्या बघितल्या, हनुवटी वर करायला लावली. मग म्हणाल्या, "पाठीवर चाचणी करू. प्रत्येक नमुना एका छोट्या चकतीत घालून पाठीला चिकटवायचा. दोन दिवस भिजवायचं नाही, घाम येईल असं काही करायचं नाही."

भिंगरी माझ्याबरोबर आली होती. तिला चाचण्यांचं सगळं माहीत. तिच्या दंडावर थेंब ठेवून टोचून बघितलेलं होतं. "दोन दिवस कशाला?" ती म्हणाली. "माझं तर एक गाणं ऐकून होईपर्यंत कळलं. अंड्याच्या थेंबाला डास चावल्यासारखं मोठं झालं."

"हो ना?" डॉक्टरबाईंनी खुर्ची थांबवली. "कारण तुझ्या कातडीतले पहारेकरी दारूगोळा भरूनच बसलेले असतात. अंडं दिसलं रे दिसलं की धडाधड बार. म्हणून लगेच सूज, लगेच खाज, आणि दारू संपली की लगेच शांत. आजोबांचे पहारेकरी तसले नाहीत. त्यांच्याकडे शत्रू आला की आधी एक जण निरोप घेऊन जातो. मग तिकडे ओळख पटवतात. मग माणसं गोळा करतात. मग ती चालत चालत हातापर्यंत येतात. तोवर दोन दिवस गेलेले असतात, शत्रू कधीच धुऊन गेलेला असतो, आणि ही फौज येऊन घरच्याच भिंती फोडत बसते."

"सरकारी काम," बाबा म्हणाले.

"अगदी. आणि एकदा मुक्काम ठोकला की हलतही नाहीत."

"पण मग," मी विचारलं, "चाळीस वर्षं एखादी वस्तू हातात असताना काही झालं नाही, आणि आता..."

"होतं तसं. ओळख एकदाच पटावी लागते. ती आज पटेल नाही तर चाळीस वर्षांनी. एकदा पटली की मग विसरत नाहीत."

बाबांच्या पाठीवर चकत्यांच्या ओळी लागल्या. घरी आल्यावर ते ताठ बसायचे, ताठ झोपायचे. पाठ खाजायला लागली तेव्हा भिंगरीने नियम जाहीर केला, "खाजवायचं नाही. थोपटायचं. मी थोपटते." आणि चकत्या सोडून, बाजूबाजूने, ती थोपटत राहिली. गांधी उठल्यावर मी तिला जे करते ते ती जसंच्या तसं करत होती, मध्ये मध्ये फुंकरसुद्धा. बाबांनी डोळे मिटले. चेलो खाली उघडाच होता. चेलोवाल्या बाईंचा फोन आला तेव्हा नवऱ्याने घेतला आणि म्हणाला, "बाबांची तब्येत जरा... तुम्ही दुसरीकडे कुठे..." बाबांनी मिटल्या डोळ्यांनीच हात पुढे केला. नवऱ्याने मुकाट्याने फोन त्यांच्या हातात दिला.

"बाई," बाबा म्हणाले, "थोडं थांबा. माझ्या पाठीवर तुमच्या चेलोचा निकाल आहे."

पलीकडे त्या काय म्हणाल्या ते कळलं नाही, पण बाबा हसले.

दोन दिवसांनी चकत्या काढल्या. डॉक्टरबाईंनी पाठीवर पेनाने खुणा केल्या आणि आम्हाला बाहेर बसवलं, लालसर वळ जरा उतरू देत म्हणाल्या. मग आत बोलावलं. मी दारातूनच बघितलं. पाठीवर सगळीकडे फिकट गोल, नुसते ठसे. आणि खालच्या ओळीत एकच जागा, रसरशीत लाल, फुगलेली, वर बारीक पुटकुळ्या. त्यांच्या बोटांवर सोमवारी यायच्या हुबेहूब तशाच.

"ही कशाची?" बाबांनी मान मागे वळवायचा प्रयत्न केला.

"राळ," डॉक्टरबाई म्हणाल्या.

मग बाबा म्हणाले, "आणि सरस?"

"सरसाची जागा स्वच्छ आहे. पण आणखी दोन दिवसांनी परत दाखवा, एखादी फौज आणखी उशिरा निघते." त्यांनी बाबांचा हात हातात घेतला आणि बोटाची पट्टी उलगडली. खालचं बोट लाल, ओलसर, पट्टीच्या बरोबर आकारात. "ही पट्टी कोणी लावली?"

"मी," मी म्हटलं.

"छान लावली आहे. कडा गोल केल्यात. पण या जुन्या कापडी पट्ट्यांच्या गोंदात राळ असते."

बाबांनी माझ्याकडे बघितलं, आणि इतके खदखदून हसायला लागले की डॉक्टरबाईंच्या हातातून त्यांचा हात सुटला. "मी म्हटलं नव्हतं? तूच आहेस!"

"बाबा..."

"अगं, गप. झडती कोणी घ्यायला लावली? त्या डबीत राळ कोणी टाकायला लावली? मी तर तिला घरीच ठेवून येणार होतो." मग ते डॉक्टरबाईंकडे वळले. "ही माझी सून. घरात हिला फौजदार म्हणतात. मी म्हणत नाही, माझा मुलगा म्हणतो. त्याला आज सांगतो, सॅल्यूट ठोक."

डॉक्टरबाई मलमाचं लिहून देत होत्या. मी खिडकीबाहेर बघत होते, कारण दुसरीकडे कुठे बघावं कळत नव्हतं. मुलगी झाल्यापासून माझं बघणं हा घरातला एक आजारच समजला जात होता. डबे वाचते, भांडी वेगळी ठेवते, लोकांच्या हातांचा वास घेते. त्याबद्दल कोणी कोणाला माझी ओळख अशी करून दिली नव्हती.

दुसऱ्यांदा दाखवायला गेलो तेव्हाही सरसाची जागा कोरीच होती. तोवर मलमाने आणि पट्टी बंद झाल्याने बोटं बरीच सुकली होती. बाबांनी दवाखान्यातूनच नवऱ्याला फोन केला. "कपाटातून भांडं काढ. सरस भिजत घाल. पाणी थंड हवं, गरम नको. आणि शेगडी लावून दुकान तापवून ठेव."

"बाबा, मला ऑफिस..."

"सुट्टी टाक."

चेलो बंद करायला जितके हात असतील तितके कमीच. सरस गरम असतो तोवर पाण्यासारखा आणि थंड झाला की लगेच थिजतो. कडेभर लावून होईपर्यंत सुरुवातीचा भाग गोठायला लागतो. म्हणून खोली तापवायची, लाकूड कोमट करायचं, आणि एकाने लावत जायचं, बाकीच्यांनी मागोमाग क्लॅम्प, म्हणजे लाकडी चकत्यांचे शिकंजे, आवळत जायचं. एरवी बाबांकडे या कामाला शेजारचा सुतार येतो. त्या दिवशी बाबांनी त्याला बोलावलं नाही. "घरचीच माणसं," ते म्हणाले.

काम सुरू करायच्या आधी मी ओल्या फडक्याने टेबल, खिडकी, दिवा, सगळं पुसून काढलं होतं, कुठे राळेची पूड राहू नये म्हणून. बाबांनी दाराशी उभं राहून ते बघितलं आणि एकदाही 'पुरे' म्हणाले नाहीत. नवरा क्लॅम्पांच्या ढिगाजवळ बाह्या सरसावून उभा. भिंगरीचं काम एकच, लाकडी चकत्यांना चिकटवलेलं बूच चेलोच्या बाजूला आहे ना ते बघून क्लॅम्प तिच्या बाबाच्या हातात द्यायचा.

"उलटा दिलास तर रोगणावर वळ उठेल," आजोबांनी तिला सांगितलं.

"आणि तो दोन दिवसांत जाणार नाही," ती म्हणाली.

"कधीच जाणार नाही."

मग बोलणं बंद. बाबांनी ब्रश भांड्यात बुडवला. मी फळी वरून धरली होती, सरस लागला त्या बाजूने ती हळूहळू खाली आणत. ब्रश कडेकडेने धावायला लागला आणि त्याच्या मागे आमचे हात. मी बाबांच्या बोटांकडे बघत होते. सवयच आहे माझी. भेगा मिटायला लागल्या होत्या, कातडी गुलाबी, नवी, जराशी चमकणारी. त्या बोटांनी ते फळीची कड चाचपत होते, बसली की नाही, एक केसभर इकडे, एक केसभर तिकडे. हातमोजे घातले असते तर हे झालं नसतं. सरसाला हात उघडेच लागतात, आणि सरस त्यांना चालत होता.

"इकडे. आवळ. जास्त नको. हां. पुढचा."

नवऱ्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता. शेवटचा क्लॅम्प बसला तेव्हा चेलोभोवती दातांची कवळी घातल्यासारखं दिसत होतं, आणि सांध्यातून सगळीकडे सरसाची बारीक, सारखी रेघ बाहेर आली होती, कुठे तुटलेली नाही. बाबांनी दिवा खाली धरून पूर्ण फेरी मारली.

"झाला," ते म्हणाले. आणि नवऱ्याकडे बघून, "क्लॅम्प बरे आवळतोस."

"मी लहानपणी बघितलंय," नवरा म्हणाला. दुकान बंद करायचं तो पुन्हा बोलला नाही.

पण राळेचा निकाल राहिलाच होता. डॉक्टरबाईंनी साफ सांगितलं होतं, राळेची पूड उडते तिथे बसायचं नाही, आज नाही आणि पुढेही नाही. म्हणजे शनिवार गेला. बाबांनी हे ऐकून नुसती मान हलवली होती. आजवर त्यांच्या दुकानातून एकही वाद्य त्यांनी स्वतः वाजवल्याशिवाय बाहेर गेलं नव्हतं.

शनिवारी चेलोवाल्या बाई आल्या. उंच, मोठ्या आवाजाच्या. त्यांना सगळं सांगून झालेलं होतं. बाबांनी तारा चढवून, सूर लावून, चेलो खुर्चीजवळ उभा करून ठेवला होता. मग ते दुकानाबाहेर आले आणि काचेचं दार लावून घेतलं. मी आणि भिंगरी त्यांच्याबरोबर फुटपाथवर.

आत बाईंनी गजाला राळ घासली. पूड उडाली. बाबा ती बघत होते. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते.

मग बाईंनी गज तारेवर ठेवला.

काचेतून आवाज आला, आधी खालचा, जाड, पोटातून येणारा. बाबांनी डोकं जरा तिरकं केलं. दुसरी तार. तिसरी. त्यांनी काचेवर बोटाने टकटक केलं आणि खूण केली, तिसरी परत. बाईंनी परत वाजवली. बाबांनी कान काचेला जवळजवळ लावला. मग हात हलवला, ठीक आहे, पुढे. आणि बाई वाजवायला लागल्या, नुसते सूर नाही, काहीतरी मोठं, पसरत जाणारं.

"कसा आहे?" मी हळूच विचारलं.

"मी वाजवताना कधी एवढा ऐकू आला नव्हता," बाबा म्हणाले. "आपण वाजवत असलो की निम्मं लक्ष चूक शोधण्यात जातं." मग ते म्हणाले, "त्या माझ्यापेक्षा बऱ्या वाजवतात."

"त्यांचं कामच ते आहे."

"हो. माझं काम हे." त्यांनी काचेतून चेलोच्या सांध्याकडे बोट दाखवलं. बोट सरळ होतं, कुठे पट्टी नाही.

एक माणूस रस्त्याने जाता जाता थांबला. हातात भाजीची पिशवी. "काय चाललंय हो? आत कार्यक्रम आहे का?"

मी उत्तर देणार होते, पण भिंगरी पुढे झाली. "तो चेलो आमच्या आजोबांनी दुरुस्त केलाय. पूर्ण उघडला होता. क्लॅम्प मी दिले."

"मग आजोबा बाहेर का?"

"त्यांना राळेची ऍलर्जी आहे," ती म्हणाली. "माझ्यासारखी लगेचची नाही. दोन दिवस उशिरा येणारी. ती शोधायला अवघड असते. माझ्या आईने शोधली."

माणसाने माझ्याकडे बघितलं, मग बाबांकडे. बाबांनी सदऱ्याची कॉलर नीट केली. आत बाईंनी डोळे मिटले होते आणि गज लांब, संथ चालला होता. माणसाने पिशवी खाली ठेवली. बाबा जरा सरकले आणि काचेजवळ त्याला जागा करून दिली.